दुकान, पैसा आणि भरवसा : केनियातील ऑनलाइन खरेदी

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया हा देश आहे. तिथली लोकभाषा स्वाहिली. या भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’ आणि लाखाला ‘लाकी’. हे शब्द आपल्या कानाला परके वाटत नाहीत, आणि त्याला कारणही आहे. समुद्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे व्यापारी शेकडो वर्षे एकमेकांकडे जात-येत होते. पुढे इंग्रजांनी १८९६ साली मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला घेतली, तेव्हा तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले. रेल्वेच्या मागोमाग दुकानदार गेले. १९२० सालापर्यंत त्या मुलखात रुपया हेच चलन होते. तेव्हा दुकान आणि पैसा या दोन गोष्टींपुरते तरी केनियाशी आपले जुने नाते आहे.

आज मी सांगणार आहे ते याच दोन गोष्टींच्या नव्या अवताराविषयी. केनियात गेल्या दहा-बारा वर्षांत फोनवरून माल मागवण्याची, म्हणजे ऑनलाइन खरेदीची, पद्धत रुजली. ती कशी रुजली, कशी चालते, आणि खेड्याच्या वेशीपाशी येऊन ती कुठे अडली, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम एक साधा विचार करू. आपण गावच्या दुकानात जातो तेव्हा काय होते? दुकानदार आपल्या ओळखीचा असतो. माल हातात घेऊन बघता येतो. एका हाताने पैसे द्यायचे, दुसऱ्या हाताने वस्तू घ्यायची. वस्तू खराब निघाली तर दुसऱ्या दिवशी जाऊन भांडता येते. ऑनलाइन खरेदीत यातले काहीच नाही. विकणारा दिसत नाही, माल म्हणजे नुसते चित्र, आणि पैसे देणे व वस्तू घेणे यांच्यामध्ये काही दिवसांचे आणि काही मैलांचे अंतर. या अंतरात माणसाला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून अशा व्यापाराला तीन गोष्टी लागतात. पैसा सुखरूप पोचला पाहिजे, माल योग्य माणसाच्या हाती गेला पाहिजे, आणि फसगत झाली तर दाद मागायला जागा पाहिजे. फोन, संगणक वगैरे सगळे त्यानंतर.

आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या शिक्षकांना व्ही. पी. पी. आठवत असेल. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचे आणि पुस्तक आले की पोस्टमनच्या हाती पैसे देऊन ते सोडवून घ्यायचे. ही सोय आपल्या टपालखात्याने १८७७ मध्येच सुरू केली. घरबसल्या खरेदीच होती ती! ती चालली, कारण पोस्टमन दारापर्यंत येत होता आणि त्याच्यावर आपला विश्वास होता. पुढे १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून पिनकोड आला आणि पत्ता आणखी नेमका झाला.

केनियात ही पायाभरणी नव्हती. तिथे टपाल घरोघरी वाटण्याची प्रथाच नाही. ज्याला पत्र हवे त्याने टपालकचेरीत एक पेटी भाड्याने घ्यायची आणि स्वतः जाऊन ती उघडायची. बँका होत्या, पण शहरांत. नैरोबीत नोकरी करणारा मनुष्य गावाकडे आईला पैसे धाडायचा तो एखाद्या नातेवाइकाबरोबर, नाहीतर बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट देऊन. ते पोचेपर्यंत जिवाला घोर.

हा घोर पाहता पाहता कमी झाला तो एका प्रयोगामुळे. २००५ साली सफारीकॉम ही तिथली टेलिफोन कंपनी आणि तिची भागीदार व्होडाफोन यांनी नैरोबी आणि थिका या ठिकाणी एक चाचणी घेतली. तिला ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून साहाय्य होते. हेतू इतकाच, की लहान कर्जे घेतलेल्या लोकांना हप्ता मोबाइल फोनवरून भरता यावा. पण लोकांनी त्या सोयीचे भलतेच उपयोग शोधून काढले. कुणी दिवसभराचा गल्ला रात्रीपुरता फोनमध्ये ठेवू लागला, कारण बँक लवकर बंद होते आणि दुकान उशिरापर्यंत उघडे असते. कुणी प्रवासाला निघताना एका गावी रोकड भरून दुसऱ्या गावी ती काढून घेऊ लागला, म्हणजे वाटेत लुटले जायची भीती नको. कुणी सरळ दुसऱ्याला पैसे पाठवू लागला. लोकांची गरज कशाची आहे हे लोकांनीच दाखवून दिले. मार्च २००७ मध्ये ही सेवा देशभर सुरू झाली, तिचे नाव ‘एम-पेसा’. ‘एम’ मोबाइलचा, आणि ‘पेसा’ आपल्या ओळखीचा. वर्षभरात तिला दहा लाखांहून अधिक ग्राहक मिळाले, आणि आज केनियातच ते तीन कोटींच्या वर आहेत.

ही सेवा चालते कशी? समजा, मला पैसे भरायचे आहेत. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. त्या दुकानदाराने आधीच स्वतःची रक्कम कंपनीकडे भरून तितकीच शिल्लक आपल्या फोनमध्ये घेतलेली असते. मी त्याला नोटा देतो, तो आपल्या फोनमधली तेवढी शिल्लक माझ्या फोनवर पाठवतो. मला लगेच संदेश येतो, तीच पावती. पैसे काढताना याच्या उलट. ओळखपत्र दाखवायचे, आपला गुप्त क्रमांक फोनवर टाकायचा आणि नोटा घ्यायच्या. प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराला थोडे कमिशन मिळते. लोकांची खरी रक्कम बँकांमध्ये विश्वस्त खात्यांत वेगळी ठेवलेली असते. यासाठी महागडा फोन लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. आपल्याकडची यूपीआय आली ती २०१६ मध्ये, आणि तिच्या मुळाशी बँकेतले खाते आहे. एम-पेसा त्याच्या नऊ वर्षे आधी, बँकेत खाते नसलेल्या माणसासाठी आली, आणि तिच्या मुळाशी आहे गावचा दुकानदार. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होईल.

पैशाची वाट अशी मोकळी झाली. आता इंटरनेटचे पाहू. २००९ पर्यंत केनियातले इंटरनेट उपग्रहावरून येई. ते मंद होते आणि महागही. त्या वर्षी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या दोन मोठ्या तारा मोंबासाला येऊन लागल्या आणि वेग वाढला. दोन-तीन वर्षांत स्वस्त स्मार्टफोन बाजारात आले. मग व्यापारी कसे मागे राहतील? २०१२ साली नायजेरियातील लागोस शहरी ‘जुमिया’ ही कंपनी निघाली आणि पुढल्याच वर्षी तिने केनियात दुकान मांडले. २०१४ मध्ये केनियात राहिलेल्या एका चिनी अभियंत्याने ‘किलीमॉल’ सुरू केली. याच सुमारास, २०१३ मध्ये, सफारीकॉमने ‘लिपा ना एम-पेसा’ ही सोय आणली. ‘लिपा’ म्हणजे पैसे चुकते कर. दुकानाला एक क्रमांक मिळाला, ग्राहकाने त्या क्रमांकावर रक्कम पाठवली की काम झाले.

आता एक मागणी कशी पूर्ण होते ते पाहू. किसुमूजवळच्या एखाद्या गावातील शिक्षिकेला सौर दिवा हवा आहे असे धरू. ती फोनवर दिव्यांची चित्रे आणि किमती पाहते आणि एकावर बोट ठेवते. मागणी नैरोबीतल्या कंपनीकडे जाते. दिवा बहुधा कंपनीचा नसतोच; तो एखाद्या स्वतंत्र व्यापाऱ्याचा असतो. कंपनी बाजारपेठेची जागा देते, पैसे घेते, माल पोचवते आणि व्यापाऱ्याकडून कमिशन कापते. माल गोदामात येतो, त्यावर ग्राहकाचे नाव आणि फोनचा क्रमांक चिकटतो, आणि ट्रक किसुमूकडे निघतो.

इथपर्यंत सारे सोपे आहे. अवघड आहे ते शेवटचे दोन-चार मैल. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. मग काय? तर फोन. माल आणणारा मोटारसायकलवाला ग्राहकाला फोन करतो, “कुठे आहात?” ती सांगते, चर्चच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, निळे फाटक. या मोटारसायकलींना तिथे ‘बोडा-बोडा’ म्हणतात. केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवर एका बाजूकडून दुसरीकडे माणसे नेणाऱ्या सायकली होत्या. ‘बॉर्डर’ या इंग्रजी शब्दावरून त्यांना ते नाव पडले आणि पुढे मोटारसायकलींनाही चिकटले. अशा रीतीने केनियात फोनचा क्रमांक हाच माणसाचा पत्ता झाला. तिथल्या टपालखात्यानेही पुढे मोबाइल क्रमांकालाच टपालाचा पत्ता मानणारी सेवा काढली.

दारापर्यंत जाणे जिथे परवडत नाही तिथे कंपन्यांनी दुसरा मार्ग काढला. तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात पार्सले ठेवायची आणि ग्राहकाने येऊन ती न्यायची. कंपनीचा फेरा वाचतो आणि ग्राहकाला भाडेही कमी पडते. पैशांचेही तसेच. सुरुवातीला लोक म्हणत, आधी माल दाखवा मग पैसे. कंपन्यांनी ते मान्य केले. फरक एवढाच की नोटा मोजून देण्याऐवजी ग्राहक तिथल्या तिथे फोनवरून रक्कम पाठवतो. आपली व्ही. पी. पी. ती हीच; पोस्टमनच्या जागी बोडा-बोडावाला आला.

मात्र केनियातील ऑनलाइन व्यापार म्हणजे केवळ या मोठ्या कंपन्या, असे समजू नका. नैरोबीत लुथुली ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, तिथे रेडिओ, टीव्ही, फोन यांची दुकाने खेटून उभी आहेत. गिकोंबा नावाचा मोठा बाजार जुन्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणचे लहान व्यापारी, आणि घरात बसून विक्री करणाऱ्या कितीतरी बाया, मालाचे फोटो व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर टाकतात. ग्राहक फोन करतो, भाव ठरतो. शहरातल्या शहरात असेल तर बोडा-बोडा. बाहेरगावी असेल तर पार्सल लांबच्या बसवर चढते, पावतीचा क्रमांक ग्राहकाला कळवला जातो आणि तो बस-कचेरीत जाऊन ते सोडवतो. पूर्वी आईसाठी पैशांचे पाकीट नेणारी बस आता मुलाने मागवलेले बूट आणते.

इथे धोका मात्र अधिक. शहरात माल पाहून पैसे देता येतात, पण बाहेरगावच्या ग्राहकाला बहुतेक विक्रेते सांगतात, आधी पैसे पाठवा. पैसे गेल्यावर फोन बंद, असे प्रकार होतात. चित्रात एक आणि पुडक्यात दुसरे, असेही होते. यावर एक छोटा पण उपयोगी उपाय म्हणजे एम-पेसातील ‘हाकिकिशा’ ही सोय. पैसे खात्यातून जाण्यापूर्वी ते कोणाच्या नावावर जात आहेत ते फोनवर दिसते. नाव भलतेच असले तर तिथेच थांबता येते. हा शब्द ‘हाकिका’वरून आला, म्हणजे खरेपणा. आपल्या मराठीतील ‘हकिकत’ त्याच अरबी शब्दाची बहीण. कायद्याचेही पाठबळ आहे. ग्राहक संरक्षणाचा कायदा २०१२ चा, आणि लोकांची खासगी माहिती जपण्याचा कायदा २०१९ चा. पण दोनशे मैलांवरच्या अनोळखी विक्रेत्याविरुद्ध चार-पाचशे शिलिंगांसाठी दाद मागायला कोण जाणार? म्हणून लोक अजूनही ओळखीतून आलेल्या विक्रेत्याकडे आधी वळतात.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय घेतला, तो मुद्दा. या साऱ्यात खेडे कुठे आहे? २०१९ च्या शिरगणतीत केनियाने आपल्या लोकांना विचारले, तुम्ही ऑनलाइन काही शोधून विकत घेतले आहे का? पंधरा वर्षांवरील लोकांपैकी होकार आला तो ४.३ टक्क्यांचा. म्हणजे शंभरातले चार. ज्या देशाने फोनवरून पैसे पाठवायला जगाला शिकवले, त्या देशात ही स्थिती. पैसा तारेशिवाय जातो, त्याला रस्ता लागत नाही. साखरेच्या पोत्याला मात्र रस्ता लागतो.

खेड्यापर्यंत पोचण्याचा एक मोठा प्रयत्न ‘कोपिया’ या कंपनीने केला. तिची योजना ऐकाल तर पटेल. खेड्यातल्या दुकानदाराला किंवा केशकर्तनालय चालवणाऱ्या बाईला कंपनीने आपला प्रतिनिधी केले. गावकरी त्यांच्याकडे जाऊन मालाच्या चित्रांची वही पाही आणि पीठ, तेल, साबण, गादी, जे हवे ते सांगे. प्रतिनिधी ती मागणी फोनवरून कळवी. दोन-चार दिवसांनी कंपनीची गाडी सगळ्यांचा माल एकदम त्या दुकानात आणून टाकी. ग्राहकाकडे स्मार्टफोन नसला तरी चाले, वाचता येत नसले तरी चाले. कारण मध्ये ओळखीचे माणूस होते. हजारो प्रतिनिधी नेमले गेले. २०२२ च्या आरंभी गुंतवणूकदारांनी या कंपनीला पाच कोटी डॉलर दिले. तिने युगांडातही पाय टाकला. आणि तरीही, २०२३ मध्ये तिने युगांडा सोडले, मे २०२४ मध्ये केनियातली कंपनी दिवाळखोरीच्या वाटेने प्रशासकांच्या हाती गेली, आणि शेकडो नोकऱ्या गेल्या.

असे का झाले? एक हिशेब मांडून पाहा. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. शंभर शिलिंगांच्या साखरेत व्यापाऱ्याला दहा सुटतात. त्यातले तीन प्रतिनिधीला दिले, राहिले सात. शहरात एका गल्लीत पन्नास पुडकी वाटता आली तर एका पुडक्यामागे वाहतुकीचे तीन पडतील, आणि चार शिल्लक राहतील. खेड्यात तीच गाडी तितकेच तेल जाळून पाच पुडकी वाटते. मग एका पुडक्यामागे तीस पडतात. प्रत्येक पुडक्यावर तेवीसची खोट. मागण्या वाढतील, गाडी भरेल, मग खर्च भागेल, या आशेवर बाहेरचे भांडवल खर्च होत राहते. २०२२ नंतर जगभर असे भांडवल आटले. इकडे तेल महागले आणि केनियाचा शिलिंग घसरला. माल पोचवण्याचे काम करणारी ‘सेंडी’ ही केनियातलीच कंपनी २०२३ मध्ये अशीच बंद पडली. योजनेत शहाणपण नव्हते असे नाही. शेवटच्या मैलाचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते.

याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घालणारी एक कंपनी आहे, ‘ट्विगा’. तिने २०१४ मध्ये केळ्यांपासून आरंभ केला. नैरोबीच्या गल्लीबोळांतल्या छोट्या भाजीवाल्या बाया पहाटे उठून घाऊक बाजारात जात आणि मध्यस्थ सांगेल तो भाव देत. इकडे शेतकऱ्याला मिळे ते त्यातले थोडे. ट्विगाने शेतकऱ्याकडून थेट माल घेतला, भाजीवालीची मागणी फोनवर नोंदवली आणि केळी तिच्या फळीपाशी नेऊन टाकली. म्हणजे खेडे इथे गिऱ्हाईक नव्हे, विक्रेता झाले. तिलाही वाट सोपी गेली नाही. २०२३ मध्ये तिने मोठी नोकरकपात केली आणि कारभाराची फेरमांडणी केली. तरी विचार करण्याजोगी गोष्ट ही, की ऑनलाइन बाजाराने खेड्यातून पैसा बाहेर न्यायचा की खेड्यात आणायचा, हे यंत्र ठरवत नाही. माल कोणत्या दिशेने जातो यावर ते ठरते.

गावच्या लहान दुकानाचे या सगळ्यात काय झाले, असे तुम्ही विचाराल. ऑनलाइन खरेदी आली की दुकाने बसणार, ही भीती आपल्याकडेही ऐकू येते. केनियाचा आजवरचा अनुभव थोडा निराळा आहे. तिथे ‘दुका’ मोडले नाही. एम-पेसाची रोकड त्याच्याच गल्ल्यातून जाते, पार्सल त्याच्याच फळीवर येऊन थांबते. ज्या कंपन्यांनी गावात शिरायचे ठरवले त्यांना त्याच्याच उंबऱ्यावरून जावे लागले, कारण गाव त्याला ओळखते आणि कंपनीला ओळखत नाही.

आपल्याकडची स्थिती पुष्कळ वेगळी आहे. आपल्यापाशी पिनकोड आहे, खेडोपाडी टपालकचेऱ्या आहेत, बँकखाती आहेत. पण प्रश्न तेच आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी वरच्या वर्गातल्या मुलांना ते जरूर घालावेत. एखादी वस्तू फोनवरून मागवली, तर पैसे नेमके कोणाच्या नावावर गेले? माल बिघडला तर परत न्यायचे भाडे कोणाच्या माथी? पोचवण्याचा खर्च आज कोण सोसतो आहे, आणि त्याने हात आखडला तर उद्या भाव काय होईल? आणि आपल्या गावची हळद, गूळ, घोंगडी याच वाटेने बाहेर जाऊ शकतील का? ही आकडेमोड मुलांनी एकदा फळ्यावर स्वतः करून पाहिली, म्हणजे स्वस्ताईची जाहिरात वाचताना ती खालचा बारीक मजकूरही वाचतील.